सेव्हिलमधला ‘कासा दे पिलातोस’ कसा बघावा

स्पेनच्या सेव्हिल शहरातला हा वाडा (नावाचा अर्थ ‘पिलाताचं घर’) एका आराखड्यावर किंवा एका पिढीत उभा राहिलेला नाही. १४८३ साली बांधायला घेतलेल्या घरात पुढची दीडशे वर्षं एन्रिकेस दे रिबेरा घराण्याच्या एकामागून एक धन्यांनी हात घातला. आधीचं पाडून टाकण्याऐवजी प्रत्येकाने त्याच्या शेजारी, त्याच्यावर, कधी त्याच्या आतच आपलं काम बसवलं. त्यामुळे दालनामागून दालन बघत गेलं की डोळ्यांपुढे नुसती गर्दी होते: वर गॉथिक कठडा, खाली रोमन पुतळा, मागच्या भिंतीवर अरबी वळणाची नक्षी. ‘हे कोणी घातलं आणि केव्हा’ हा एकच प्रश्न मनात धरून फिरलं, तर मात्र तीन तासांत घर उलगडतं.

आधी माणसं पाठ करा

नावांशिवाय इथल्या भिंती मुक्या राहतात. वहीच्या पहिल्या पानावर पुढची माणसं लिहून न्या.

पेद्रो एन्रिकेस दे किन्योनेस आणि त्याची बायको कातालिना दे रिबेरा हे मूळ बांधणारे. पेद्रो हा कास्तील या स्पॅनिश राज्याच्या आरमारप्रमुखाचा मुलगा आणि राजा फर्डिनांडचा सावत्र मामा. ‘आंदालुसियाचा आदेलान्तादो मायोर’, म्हणजे सरहद्दीवरच्या सुभेदारासारखं मानाचं पद त्याच्याकडे होतं. ते रिबेरा घराण्याकडून आलं होतं. पेद्रोची पहिली बायको बेआत्रीस ही कातालिनाचीच बहीण. ती वारल्यावर त्याने कातालिनाशी लग्न केलं. इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाने, जप्त केलेली मालमत्ता विकत घेऊन या दोघांनी घर उभारायला सुरुवात केली. पेद्रो १४९२ मध्ये गेला आणि कातालिनाने १५०५ पर्यंत कारभार सांभाळला.

त्यांचा मुलगा फाद्रिके एन्रिकेस दे रिबेरा (१४७६–१५३९), तारिफाचा पहिला मार्क्विस. सावत्र भाऊ निपुत्रिक वारल्यावर १५०९ मध्ये आदेलान्तादो हे पद त्याच्याकडे आलं. १५१८ च्या अखेरीला तो जेरुसलेमच्या यात्रेला निघाला आणि १५२० मध्ये इटलीमार्गे परतला. आज आपल्याला जो वाडा दिसतो त्याचा चेहरा मुख्यतः या माणसाने घडवला.

फाद्रिकेला औरस वारस नव्हता, म्हणून घर पुतण्याकडे गेलं. हा पुतण्या पेर आफान दे रिबेरा, आल्कालाचा पहिला ड्यूक. १५५९ ते १५७१ तो नेपल्सचा व्हाइसरॉय होता. वाड्यातल्या रोमन मूर्ती आणि बागेतल्या इटालियन कमानी त्याच्या. त्याच्या भावाचा नातू फेर्नांदो (१५८३–१६३७) हा तिसरा ड्यूक: ग्रंथ, चित्रं, विद्वानांची बैठक यांत रमलेला. तो गेल्यावर लग्नसंबंधातून घर मेदिनासेली ड्यूक घराण्याकडे गेलं. धनी माद्रिदमध्ये राहू लागले, अठराव्या शतकात वाड्याची आबाळ झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून डागडुजीला हात लागला. १९३१ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. आज घर मेदिनासेली घराण्याच्या प्रतिष्ठानाकडे आहे.

एवढ्या माहितीतून कामाच्या चार खुणा हाती येतात: १४८३–१५०५ आईवडील, १५२०–१५३९ मुलगा, १५६० च्या दशकाच्या अखेरची वर्षं पुतण्या, १६०० नंतर तिसरा ड्यूक. वाड्यात जे दिसेल ते यांपैकी एका कप्प्यात टाकायचं. कप्प्यात न बसणारं बहुधा एकोणिसाव्या शतकानंतरचं असतं.

सोबत काय, वेळ कोणती

तळहाताएवढा आरसा न्या. छतं बघायला तो सगळ्यांत कामाचा: कमरेपाशी आडवा धरा, खाली बघा, वरचं छत आरशात दिसतं. मान वर करून दहा मिनिटं उभं राहिलं की चक्कर येते आणि माणूस अर्धं छत सोडून पुढे जातो. छोटी दुर्बीण असेल तर कमानींवरच्या गिलाव्याची नक्षी वाचता येते. वही आणि पेन्सिल लागेल. नुसते फोटो काढत फिरलात, तर घरी आल्यावर कुठली टाइल कुठल्या भिंतीवरची ते कळत नाही. प्रत्येक जागेचा पहिला फोटो लांबून, पूर्ण भिंतीचा घ्या आणि मग जवळचे.

वाडा कॅथेड्रलपासून पायी पाव तासावर आहे. सकाळी उघडतो तेव्हाच, नऊच्या सुमाराला, दारात उभं राहा. ऋतूप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्या. लवकर जाण्याचं कारण केवळ गर्दी नाही. सकाळी ऊन तिरकं असतं आणि टाइल्सचे उंचवटे त्याच उजेडात दिसतात. दुपारी चौकात ऊन सरळ उतरतं, झिलई चमकते आणि सगळ्या टाइल्स गुळगुळीत वाटू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर दुपार टाळाच.

खालचा मजला तुम्ही तुमच्या गतीने बघू शकता. वरचा मजला मात्र वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वेळी. तिकीट काढतानाच वरच्या मजल्याची वेळ दीड-दोन तासांनंतरची मागून घ्या. आधी वर गेलात, तर खालचं काही न समजताच वरचं बघाल.

दार: सही आणि तारीख

वाड्याबाहेरच्या रस्त्यावरच्या चौकात चित्रकार झुर्बारानचा पुतळा आहे. त्याच्याजवळ उभं राहून आधी पूर्ण भिंत बघा. साधी आहे, जवळजवळ उघडीबोडकी. सेव्हिलमध्ये मुसलमानी अमलापासून चालत आलेली ही रीत: बाहेर काही दाखवायचं नाही, वैभव आत. त्या साध्या भिंतीवर पांढरंशुभ्र संगमरवरी दार एखाद्या दागिन्यासारखं बसवलं आहे. ते इथे घडलेलंच नाही. फाद्रिकेने १५२९ मध्ये जेनोव्हाच्या आन्तोनियो मारिया आप्रिले या शिल्पकाराकडे काम दिलं, तिथे घडलं आणि मग इथे येऊन बसलं. रोमन विजयकमानीचा थाट, दोन्ही खांद्यांवर रोमन सम्राटांची मुखं.

आता लेख वाचा. इथे घाई करू नका. वर लॅटिन स्तोत्र आहे, ‘निसी दोमिनुस...’: परमेश्वराने घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट व्यर्थ. त्यापुढचा स्पॅनिश मजकूर म्हणजे चक्क हिशेबाची नोंद आहे: हे घर पेद्रो एन्रिकेस आणि त्यांची पत्नी कातालिना दे रिबेरा यांनी बांधवलं, हे दार त्यांचा मुलगा फाद्रिके याने करवलं, आणि ते १५३३ साली बसवलं. घर कोणाचं आणि दार कोणाचं, हे मुलाने स्वतःच दगडात वेगळं करून ठेवलं आहे. वाडा थरांनी वाचायचा ही पद्धत आपण बाहेरून लादत नाही. घरानेच ती दारावर लिहून ठेवली आहे.

आणखी वर जेरुसलेमचे क्रूस आणि तारीख आहे: ४ ऑगस्ट १५१९, फाद्रिके जेरुसलेममध्ये शिरला तो दिवस. दाराच्या डाव्या हाताला भिंतीवर एक क्रूस दिसेल, तो वाड्याच्या नावाचा धागा. परतल्यावर १५२१ मध्ये फाद्रिकेने येशूच्या वधमार्गाची प्रदक्षिणा सुरू केली. ती या घरापासून निघून शहराच्या तटाबाहेर जाई. येशूला मृत्युदंड देणारा रोमन सुभेदार पिलात याच्या वाड्यापासून येशूला क्रूसावर चढवलं त्या गोल्गोथापर्यंतचं अंतर जेरुसलेममध्ये १३२१ पावलं भरलं आणि तेवढंच इथे घेतलं, अशी परंपरा आहे. ते अंतर ९९७ मीटर सांगतात, म्हणजे पाऊल सुमारे ७५ सेंटिमीटरचं. चांगल्या चालीच्या माणसाचं पाऊल एवढंच पडतं. पहिलं ठाणं पिलाताच्या न्यायनिवाड्याचं, ते या घराशी. म्हणून लोकांनी घरालाच पिलाताचं घर म्हणायला सुरुवात केली. ‘हा जेरुसलेममधल्या पिलाताच्या वाड्याचा नमुना आहे’ असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. घराची उभारणी यात्रेच्या ३५ वर्षं आधी सुरू झाली होती.

अंगण आणि वाकडी वाट

दारातून सरळ मुख्य चौकात नजर जात नाही. आधी देवडी, मग ‘आपेआदेरो’, म्हणजे घोड्यावरून, पालखीतून उतरायचं अंगण, आणि तिथून बाजूच्या दाराने चौक. ही वाकडी वाट मुद्दाम आहे: रस्त्यावरच्या माणसाला घरातलं काही दिसू नये. आपल्याकडच्या वाड्यांच्या देवडीत हाच विचार असतो, त्यामुळे मराठी माणसाला ही रचना सांगावी लागत नाही. पाच मिनिटांत पुढे व्हा.

मुख्य चौक: पावलांनी मोजा

बहुतेक जण चौकाच्या मध्यावर जाऊन कारंज्यापाशी फोटो काढतात आणि ‘काय सुंदर सममिती’ म्हणतात. सममिती नाही. एका कोपऱ्यातून सुरुवात करून खांबापासून खांबापर्यंतचं अंतर पावलांनी मोजत जा आणि वहीत आकडे लिहा. कमानींची रुंदी सारखी येत नाही. एका सपाट्यात, कोऱ्या जमिनीवर आखलेल्या इटालियन चौकात असं होत नाही. हे घर जुन्या घरांच्या जागेवर, टप्प्याटप्प्याने वाढलं. आधीच्या भिंती आणि दारं जिथे होती तिथे कमानींना जुळवून घ्यावं लागलं. फाद्रिकेने जेनोव्हाहून घडीव संगमरवरी खांब आणि कारंजी मागवली, पण त्यांच्यासाठी चौक पाडून पुन्हा आखला नाही. एकसारखे खांब आणि असमान कमानी हा विरोध म्हणजे दोन पिढ्यांमधला सांधा आहे.

आता खालून वर अशी नजर न्या. जमिनीपासून डोक्याच्याही वरपर्यंत टाइल्स. त्यांच्यावर भिंतीतले गोल कोनाडे आणि त्यांत २४ अर्धपुतळे: रोमन सम्राट, त्यांच्या पंक्तीत सिसेरो, आणि पाचवा चार्ल्सही. आपला राजा रोमन सम्राटांचा वारस आहे, हे सांगण्याची ही रीत. कमानींवर कोरीव गिलावा, वर गॉथिक जाळीचा कठडा. मध्ये दोन तोंडांच्या जेनस या रोमन देवाचं कारंजं. चार कोपऱ्यांत चार मोठ्या प्राचीन मूर्ती आहेत. त्यांतल्या दोन पॅलास अथीनाच्या. पेर आफानने इटलीहून धाडलेल्या संग्रहातल्या या मूर्ती आहेत. त्याने जमवलेल्या मूर्तींची डागडुजी जुलियानो मेनिकीनी या शिल्पकाराकडे होती. म्हणून हात, नाक, हातातली वस्तू हे भाग जवळून बघा. प्राचीन धड आणि सोळाव्या शतकातला हात यांच्या सांध्यावर संगमरवराचा रंग आणि झीज बदलते.

इथे सर्वांत मोठी गल्लत होते ती ‘मूरिश’ या शब्दाने. ही नक्षी मुसलमानी राजवटीतली नाही. सेव्हिल १२४८ मध्येच कास्तीलच्या हाती आलं होतं. घर बांधायला घेतलं ते त्यानंतर २३५ वर्षांनी. या शैलीला ‘मुदेहार’ म्हणतात: ख्रिस्ती धन्यांसाठी, मुसलमानी कारागिरीच्या परंपरेतून घडलेलं काम. गिलाव्याची पट्टी दुर्बिणीने बघा. भौमितिक गुंफणीच्या शेजारीच इटालियन वळणाच्या वेली आणि कुलचिन्हांच्या ढाली सापडतील. त्या कारागिरांना दोन्ही हात चालवता येत होते. धन्याला दोन्ही हवं होतं, आणि त्यात त्याला काही विसंगती वाटत नव्हती. हे मान्य केलं की या चौकाचं सौंदर्य खऱ्या अर्थाने दिसू लागतं.

कुलचिन्हं ओळखायला अवघड नाहीत. दोन किल्ले आणि खाली सिंह: एन्रिकेस. सोनेरी पार्श्वभूमीवर तीन हिरव्या आडव्या पट्ट्या: रिबेरा. निळ्या-सोनेरी चौकटींचा पट: पोर्तोकारेरो, म्हणजे पेर आफानचं आजोळ. किल्ले-सिंहांसोबत फ्रेंच लिलीची फुलं: मेदिनासेली, म्हणजे काम १६३७ नंतरचं. एक सावधगिरी ठेवा. मुलगा आईवडिलांच्या ढाली आपल्या कामावर मानाने लावतो. त्यामुळे ढाल ‘याच्या आधीचं नाही’ एवढं सांगते. ‘याच वर्षाचं’ असं सांगत नाही.

टाइल्स: इथे एक तास द्या

या वाड्यात टाइल्सचे सुमारे १५० वेगवेगळे नमुने आहेत, आणि त्यांतला मोठा भाग १५३० च्या दशकात दिएगो आणि हुआन पुलीदो या भावांनी पुरवला. नदीपलीकडचा त्रियाना हा सेव्हिलचा कुंभारवाडा. एवढ्या संख्येने आणि अजून मूळ भिंतींवर असलेल्या त्या काळच्या टाइल्स जगात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतात.

आधी तंत्र ओळखा. सेव्हिलच्या जुन्या कामात चार प्रकार येतात. पहिला ‘आलिकातादो’: एकरंगी टाइल चिमट्याने-हातोडीने कापून तुकडे जुळवायचे. फार सुबक आणि फार महाग, कारण सगळी मेहनत तुकडे कापण्यात जाते. दुसरा ‘क्वेर्दा सेका’: तेलात कालवलेल्या मँगनीजच्या काळ्या रेघेने आकृती काढायची आणि रेघांमध्ये रंगीत झिलई भरायची, तेलामुळे एक रंग दुसऱ्यात मिसळत नाही. भाजल्यावर रेघ काळपट, कोरडी राहते. तिसरा ‘क्वेंका’ किंवा ‘आरिस्ता’: ओल्या मातीवर साचा दाबायचा, त्याने बारीक कंगोरे उठतात आणि मध्ये खळगे पडतात, त्या खळग्यांत झिलई ओतायची. कंगोरा म्हणजे रंगांमधला बांध. चौथा सपाट, पांढऱ्या अस्तरावर कुंचल्याने रंगवलेला. फ्रान्सिस्को निकुलोसो ‘पिसानो’ या इटालियन कारागिराने तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सेव्हिलमध्ये रुजवला. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स बघितल्या असतील, तर हा सपाट प्रकार लगेच कळेल.

कासा दे पिलातोस हे तिसऱ्या प्रकाराचं, क्वेंकाचं घर आहे. टाइलसमोर सरळ उभे राहू नका. भिंतीला जवळजवळ समांतर, उजेडाच्या विरुद्ध बाजूला उभं राहून तिरकं बघा. क्वेंका असेल तर पृष्ठभाग रजईसारखा दिसतो: कंगोरे वर, झिलई मधोमध किंचित फुगलेली. खळग्याच्या कडेला झिलई पातळ आणि मध्ये गडद, त्यामुळे एकाच हिरव्यात दोन-तीन छटा खेळतात. रंगही मोजकेच: कथिलाचा पांढरा, कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट काळा, लोहाचा मधासारखा पिवळा-तपकिरी. याहून वेगळा, झगझगीत रंग दिसला तर थांबा. ती टाइल नंतरची असण्याची शक्यता मोठी.

साचा वापरण्याचं कारण सरळ आहे. हजारो टाइल्स हव्या असतील तर तुकडे कापणं परवडत नाही; साच्याने नवशिकाही एका दिवसात ढीग लावतो. पण सोय आली तशा खोडीही आल्या, आणि जुनी टाइल ओळखायची ती या खोडींवरूनच. झिलई जास्त ओतली तर भट्टीत ती कंगोरा ओलांडून शेजारच्या रंगात उतरते. निळ्याचा ओघळ पांढऱ्यात शोधा. माती फार ओली असताना साचा उचलला तर कंगोरा बसका होतो आणि रेघ तुटते. टाइल भाजताना वाकली तर शेजारच्या टाइलशी नक्षी जुळत नाही. आणि पृष्ठभागावर तीन बारीक टिंबं दिसली तर ओळखा की भट्टीत टाइल्स एकमेकींवर रचताना मध्ये मातीची तिपाई ठेवली होती; तिच्या टोकांनी झिलईला पडलेले हे व्रण आहेत.

आता एका भिंतीची पूर्ण मांडणी बघा. टाइल्स सलग एकाच नमुन्याच्या नाहीत. प्रत्येक खणाला किनार आहे, आत वेगळी नक्षी, शेजारच्या खणात तिसरीच, जणू शेजारी शेजारी गालिचे टांगले आहेत. एका खणात नक्षीचा सर्वांत छोटा पूर्ण घटक शोधा. काही ठिकाणी एका टाइलमध्ये आकृती पुरी होते; बऱ्याच ठिकाणी चार टाइल्स फिरवून लावल्यावर मध्ये फूल किंवा तारा जमतो. सापडलेल्या घटकाभोवती वहीत चौकोन काढा, किती टाइल्सचा ते लिहा आणि पुढच्या खणाकडे वळा. वीस खण केले की डोळा तयार होतो, आणि मग दुरुस्त्या आपोआप दिसू लागतात: चारांतली एक टाइल उलटी फिरलेली, किनारीचा तुकडा भलत्याच खणात, एखादी टाइल कडा तीक्ष्ण, पांढरा अतिशुभ्र आणि झिलई सर्वत्र एकसारखी असलेली. शेवटची खूण नव्या बदलीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्रियानात क्वेंकाच्या नकला पुन्हा होऊ लागल्या आणि त्या चांगल्याही होत.

बदली सर्वांत जास्त खालच्या ओळींत शोधा. विटांची भिंत जमिनीतली ओल वर ओढते, ओलीबरोबर क्षार येतात, ते झिलईच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि झिलईचा पापुद्रा उडतो. म्हणून गुडघ्याच्या खालचा भाग आधी जातो. हाच विचार मनात ठेवून टाइल्सना हात लावू नका: सुटत आलेला पापुद्रा बोटाच्या दाबानेही निघतो, आणि ४८० हून जास्त वर्षं टिकलेली झिलई परत बसवता येत नाही.

देवघर आणि छतं

चौकालगतच्या छोट्या दालनातून देवघरात जा. हे येशूला फटके मारल्याच्या प्रसंगाचं देवघर, वाड्याच्या सर्वांत जुन्या भागांपैकी, आईवडिलांच्या काळातलं. वर गॉथिक फासळ्यांची कमानछत, भिंतींवर मुदेहार गिलावा. मधला खांब येशूला बांधून फटके मारलेल्या खांबाची प्रतिकृती आहे. मूळ मानला जाणारा अवशेष रोममध्ये सांता प्रासेदे चर्चमध्ये आहे. इथे उभं राहून पुन्हा चौकाकडे बघा. गॉथिक आणि मुदेहार यांची इथली जोडी आणि बाहेरची इटालियन भर यांतला फरक एका नजरेत पकडता येतो.

‘प्रेतोरियो’च्या (म्हणजे रोमन सुभेदाराच्या कचेरीचं नाव दिलेल्या) दालनात आरसा बाहेर काढा. छतात खोल चौकटी आणि त्यांत घराण्याच्या ढाली आहेत. सेव्हिलच्या वाड्यांत लाकडी छतांचे ढोबळ तीन प्रकार भेटतात. तुळया उघड्या ठेवून वर फळ्या टाकलेलं सपाट ‘आल्फार्हे’, आपल्या कडीपाटाच्या जवळचं. उलट्या परातीसारखं, बाजू उतरत्या असलेलं ‘आर्तेसा’, ज्यात लाकडी पट्ट्यांच्या गुंफणीतून तारे होतात. आणि खोल चौकटींचं, रोमन नमुन्यावरचं. पहिल्या दोहोंचं मूळ मुदेहार सुतारकामात, तिसरं प्रबोधनकाळाचं. पण सुतार तेच होते, म्हणून एकाच छतात दोन्ही भाषा ऐकू येतात. प्रत्येक दालनात आरशात बघून तिन्हींपैकी एक नाव वहीत टाका.

बाग आणि पाणी

मोठ्या बागेच्या जागी पूर्वी घराचा मळा होता. पेर आफानने नेपल्सहून बेनवेनुतो तोर्तेल्लो या इटालियन वास्तुकाराला इकडे पाठवलं, आणि त्याने १५६० च्या दशकाच्या अखेरीला मूर्तिसंग्रहासाठी खुल्या कमानींच्या पडव्या उभारल्या. भिंतीतले कोनाडे मोजा आणि त्यांचा आकार बघा: ते मूर्तींसाठी घडवलेले आहेत. या कमानी मुख्य चौकातल्यांपेक्षा शिस्तीत आहेत, कारण इथे जुन्या भिंतींशी तडजोड करावी लागली नाही. चौकातल्यासारखीच पावलं मोजून ताडून बघा.

धाकट्या बागेत हौद आहे. त्याला शोभेची वस्तू समजू नका. सेव्हिलला पाणी येई ते ‘कान्योस दे कार्मोना’ या उंच कमानींवरच्या कालव्यातून. रोमन मुळाचा हा कालवा ११७२ मध्ये आल्मोहाद या मुसलमानी राजवटीत पुन्हा उभारला गेला. तो कार्मोना वेशीपाशी शहरात शिरे, आणि हा वाडा त्या वेशीच्या जवळ आहे. खासगी घराला या पाण्याची धार मिळणं ही राजाच्या मर्जीची गोष्ट होती. जेनोव्हाची कारंजी पैशाने येत होती. त्यांत खेळवायला पाणी मात्र मानाने मिळे. कालव्याच्या उरलेल्या कमानी लुइस मोन्तोतो रस्त्यावर आजही उभ्या आहेत.

जिना आणि वरचा मजला

वाटाड्याची वेळ होण्याआधी दहा मिनिटं जिन्याच्या तळाशी या. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना टाइल्स आणि वर अर्ध्या संत्र्यासारखा सोनेरी लाकडी घुमट. तो १५३७ चा, सुतार क्रिस्तोबाल सान्चेसचं काम. घुमट आरशात बघायचा तो मधल्या वळणावरून. तिथे थांबायला मिळतं.

वरच्या सज्ज्यांच्या भिंतींवर प्राचीन थोर पुरुषांची भित्तिचित्रं आहेत, फाद्रिकेच्या अखेरच्या वर्षांतली. त्यांना खालच्या २४ अर्धपुतळ्यांशी जोडून बघा. दालनांत फ्रान्सिस्को पाचेकोने तिसऱ्या ड्यूकसाठी १६०३ च्या सुमाराला रंगवलेलं छत चुकवू नका: मध्यभागी देवपदाला पोचलेला हर्क्युलिस, भोवती इकारस, फेथॉन, गॅनिमिड. उंच उडून कोण पडलं आणि कोण टिकलं, याची ही मांडणी विशीतल्या ड्यूकच्या डोक्यावर होती. पाचेको हा पुढे विख्यात चित्रकार वेलास्केसचा गुरू आणि सासरा झाला. वाटाड्या इथे भरभर पुढे नेतो. छताखाली पोचताच आधी मधलं चित्र शोधा आणि मग कडेची घड्याळाच्या दिशेने घ्या. कुठलं छत नंतरचं, कुठल्या दालनाची मांडणी एकोणिसाव्या शतकातली, हे वाटाड्याला थेट विचारा. वरच्या मजल्यावर नंतरचे बदल जास्त आहेत.

पुढच्या वाड्यावर हीच पद्धत

दुसऱ्या दिवशी ‘पालासियो दे लास दुएन्यास’ला जा. तो वाडा याच कातालिनाने १४९६ मध्ये धाकट्या मुलासाठी घेतला. पुढे तो आल्बा घराण्याकडे गेला, आणि कवी आन्तोनियो माचादोचा जन्म १८७५ मध्ये तिथला. बाईंनी दोन मुलांना दोन घरं दिली, म्हणून ही जोडी सलग बघण्यात अर्थ आहे. वहीतल्या रिबेरांच्या हिरव्या पट्ट्या तिथेही शोधा.

माद्रिदला परतल्यावर तिथून ग्वादालाहाराला जाता आलं, तर मेन्दोसा घराण्याचा ‘इन्फान्तादो’ वाडा बघा. १४८० च्या दशकात हुआन ग्वासने घडवलेली त्याची दर्शनी भिंत हिऱ्याच्या पैलूंसारख्या दगडांनी भरलेली आहे. साध्या भिंतीवर एक दार बसवणाऱ्या सेव्हिलच्या वाड्याच्या हे अगदी उलट. पण त्या भिंतीत मोठ्या, शांत, प्रबोधनकाळच्या वळणाच्या खिडक्या मध्येच दिसतील. त्या सुमारे शंभर वर्षांनी पाचव्या ड्यूकने भिंत फोडून बसवल्या. दगडांचे पैलू खिडकीच्या चौकटीपाशी कसे कापले गेले आहेत, तिथे बोट ठेवल्यासारखं नीट बघा. १९३६ च्या बाँबहल्ल्यात हा वाडा जळाला आणि नंतर पुन्हा उभा केला गेला. त्यामुळे इथे तुमच्या वहीत एक जादा कप्पा लागेल, आणि आतल्या छतांबद्दलचा प्रश्न आधी त्याच कप्प्यात टाकून बघायचा.